ज्योतीची मापं

नागापूर, नगर
५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
दीपाचा सविनय जयभीम.

परवा तुला फोन लावला होता. तू 'कोन? कोन बोलतंय?' म्हणत राहिलीस, मी 'दीपा, दीपा' ओरडत राहिले. शेवटी तू 'दिवा लावला न्हाई अजून' म्हणून फोन ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. शाळेनंतर पहिल्यांदाच कुणाला लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घे.

आम्ही सगळे बरे आहोत. हे कामावर जातात, संस्कृती नववीत गेली. मी अजून त्याच कंपनीत पॅकिंगला आहे.

काम असं आहे. नोव्हेंबरमध्ये कामगारांची नाट्यस्पर्धा आहे. आमचे सुपरवायझर श्रीमंतसर दरवर्षी कंपनीतल्यांना घेऊन नाटक बसवतात. यंदा त्यांनी स्वतःच लिहिलंय. एका छोट्या गडाचा राजा लढाईत पडतो आणि राणी अंगरखा चढवून, तलवार घेऊन दरवाजात उभी राहते, असं. राणीचं काम ज्योती करते. माझ्याच लाइनवर असते. आवाज फार चांगला आहे तिचा, पण अंगानं भरलेली आहे. आम्ही सगळे भाड्याचे कपडे बघायला गेलो, तर दुकानदारानं तिला तीन अंगरखे घालून बघायला लावले. एकाचीही बाही दंडाच्या वर जाईना. मग तो सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, तुमच्या मापाची राणी आमच्याकडे आजवर आलीच नाही." सगळे हसले. ती पण हसली.

बाहेर आल्यावर श्रीमंतसर म्हणाले, निकिताला द्यायचं का काम? निकिता नवीन आहे, बारीक आहे, तिला कुठलाही अंगरखा येतो. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की थांबा, मी शिवून आणते.

आत्या, मला बटण लावण्यापलीकडे काही येत नाही. सासूबाईंचं मशीन घरात आहे, त्यावर इतकी वर्षं आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो. मोबाईलवर शिकायला गेले तर ती बाई एका मिनिटात बाही जोडून मोकळी होते. तू मला लिहून शिकव. कागदावर चित्र काढून दिलंस तरी चालेल. मी पडद्यामागे कपड्यांचंच बघणार आहे, त्यामुळे शिकायला वेळ आहे.

तुझी,
दीपा

—

शेवगाव
१४ ऑगस्ट

चि. दीपास आत्याचा जयभीम आनि आशीर्वाद.

तुजं पत्र पोस्टमननं दुकानात आनून दिलं. म्या आधी घाबरले. पत्र म्हंजी कोन गेलं का काय. मग तुजं अक्षर वळखलं. तुज्या बापासारकं, माज्या दादासारकं हाय, उजवीकडं पडल्यावानी.

सहा वर्सं झाली. दादा गेला तवा त्याच्या पुण्यानुमोदनाला बघितलं तुला, तवाची तू आली न्हाईस. आपल्या सम्राटच्या लग्नाला न्हाई, माज्या डोळ्याच्या आपरेशनला न्हाई. असू दे. म्या काय बोलत न्हाई. मला कारन ठावं हाय.

आता कामाचं आइक. मशीन पुसून काड. तेल सोड, सुईच्या वर, चाकापाशी, खाली बॉबिनच्या घरात. रातभर तसंच ठिव. दोरा ववू नगं. पेपर घे, सुई खाली कर आनि नुसत्या भोकाची रेघ मार पेपरवर. सरळ. पाय एका लयीत चालला पायजे, मधीच चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो. शंभर रेघा झाल्या की वळनं मार, कयरीसारकी. तवर कापडाला हात लावायचा न्हाई. म्या बारा बायांना शिवन शिकवलं, सगळ्या आधी कापडच कापायला बघत्यात.

मखमल आनू नगंस. नाटकवाल्यांना मखमल लई आवडती, पन ती सरकती आनि नव्या मानसाच्या हातात ऱ्हात न्हाई. जाड सुती घे, लाल न्हाईतर जांभळं. वरून जुन्या साडीचा जरीचा काठ लाव. लांबून कोनाला कळतंय?

त्या बाईची मापं घे. छाती, कंबर, शीट म्हंजी कुल्ल्याचा घेर, खांदा, मुंढा म्हंजी खांद्यावरून काखेतून गोल, दंडाचा घेर, मनगट, उंची. टेप घट्ट वडायचा न्हाई. दोन बोटं आत जात्याल असा धरायचा. आनि मापं लिवताना लाजून कमी लिवू नगं म्हनावं तिला. कापड खोटं बोलत न्हाई.

पेपरवर रेघा मारून झाल्या की एक तुकडा पाटव मला, बघते.

आत्या
आक्काबाई

—

नागापूर
२७ ऑगस्ट

ती. आत्यास सविनय जयभीम.

सोबत पेपरचा तुकडा पाठवते. वरच्या रेघा सोडून दे, खालच्या चार बघ. तीन सुया मोडल्या. एकदा बोटात गेली, नखाच्या कडेला, फार नाही. संस्कृती म्हणते, आई, मशीन चालू झालं की तू जीभ बाहेर काढतेस.

कापड आणलंय. जाड सुती, वांगी रंगाचं. काठ माझ्या एका साडीचाच काढणार आहे. ती साडी आता नेसत नाही.

मापं अशी आहेत. छाती ४८, कंबर ४६, शीट ५२, खांदा १७, मुंढा २२, दंड १८, मनगट ८. उंची गुडघ्याच्या खाली चार बोटं, ४२. दोनदा घेतली. मागच्या बाजूचं माप नीट घेता आलं नाही, सुतळी गुंडाळून मग ती टेपला लावली. ज्योती लाजत होती, पण कमी लिहिलेलं नाही.

पुढे काय करायचं ते लिही.

तू लिहिलंस की न येण्याचं कारण तुला ठाऊक आहे. तसं काही नाही गं. कामच फार असतं.

दीपा

—

शेवगाव
५ सप्टेंबर

चि. दीपास आशीर्वाद.

रेघा बऱ्या हायेत. शेवटची तर चांगली हाय. तुला जमंल.

पन अगं दीपे, ती बाई हाय का धान्याची कनगी? अठरा दंड! म्या चष्मा पुसून दोनदा वाचलं. मालनबाई आनि शेजारच्या दोघी दुकानात बसल्या हुत्या, त्यांना मोठ्यानं वाचून दावलं. मालनबाई म्हनली, ह्या रानीला हत्ती लागंल, घोडं मोडंल. हसून हसून आमच्या डोळ्याला पानी आलं. अगं, तलवार वर केली तर दंडच दिसंल, तलवार दिसायची न्हाई. राजा लढाईत न्हाई, हिच्याखाली चिरडून मेला आसंल. अशा बायांना कशाला हौस? ती रानी म्हनून हुबी ऱ्हायली का लोक शिट्ट्या मारत्याल, तुमचं नाटक पडंल. त्या सरांना सांग, आमच्या दीपाला द्या म्हनावं काम. तू कशी काडीसारकी, दादाची उंची तुला. तुला रानी शोबली आसती. तू का न्हाई घेतलंस?

बरं, आता कापाचं. चित्र काडलंय मागच्या पानावर. छातीचा चौथा भाग धर, बारा, त्यात दोन इंच ढिलाई आनि एक इंच माया. माया म्हंजी शिलाईच्या आतलं जादा कापड, पुढं उसवून मोठं करता येतं. अशा बाईला माया लई ठिवावी. पाठ आनि पुढचे दोन भाग आधी पेपरवर काप, मंग जुन्या साडीवर काप आनि टाके घालून तिच्या अंगाला लावून बघ. मंगच वांगी कापड. बाहीचं चित्र बी काडलंय. बाहीच्या गोलाईत पुढची बाजू जरा खोल, मागची उथळ.

अजून हसू येतंय. कळव काय झालं ते.

आत्या

—

नागापूर
१२ ऑक्टोबर

ती. आत्यास जयभीम.

उत्तराला उशीर झाला. कामात होते.

जुन्या साडीवर कापून बघितलं, मग वांगी कापड कापलं. पाठ आणि पुढचे भाग जोडले. खांद्याची शिलाई एका बाजूला अर्धा इंच वर गेली होती, उसवून पुन्हा घातली. काठ लावला.

बाह्या कापल्या, त्यांनाही काठ लावला. जोडायला गेले तर दोन्ही उजव्याच झाल्या आहेत. खोल बाजू दोन्हीकडे एकाच हाताला येते. कापड आता उरलेलं नाही. काय करू ते कळव.

आणि आत्या, माझी पत्रं दुकानात वाचून दाखवत जाऊ नकोस. ज्योती वाईट बाई नाही.

दीपा

—

शेवगाव
२४ ऑक्टोबर

चि. दीपास आशीर्वाद.

दोन उजव्या बाह्या सगळ्यांच्याच हुत्यात पैल्यांदा. माज्या बी झाल्या हुत्या, फौजदाराच्या बायकूच्या ब्लाउजाला. रडू नगं. तुजं कापड सादं हाय, त्याला उलटं-सुलटं न्हाई. एका बाहीचा काठ उसव, बाही उलटी कर, काठ दुसऱ्या बाजूनं लाव. झाली डावी. येवढंच.

दिवाळीची लई गडबड हुती म्हनून उशीर. कानानं आइकू येत न्हाई, एका डोळ्याचं आपरेशन झालंय, दुसऱ्याचं ऱ्हायलंय. गिऱ्हाईक काय बोलतंय ते तोंडाकडं बघून समजून घेते. सतरा तारखंला तुज्या ज्योतीसारकीच एक बाई आली हुती दुकानात. तोंडाला वडनी बांधल्याली, हातात पिशवी. काय बोलली ते कळलं न्हाई. म्या तिच्या दंडाकडं बघूनच म्हनलं, बाई, एवड्या मोठ्या मापाचं आता घेत न्हाई, दिवाळी झाल्यावर या. हुबी ऱ्हायली जराशी आनि गेली. मंग मला तुजी आठवन आली.

पत्रं वाचून दावू नगं म्हनलीस. बरं. न्हाई दावनार. पन दीपे, तू रागं का भरलीस ते मला कळतंय. ज्योतीचा राग न्हाई तो. तुला माजी लाज वाटती. आता बोलूनच टाकते. दादाच्या पुण्यानुमोदनाला मांडवात तुजे सासरे मला म्हनले, तब्येत बरी हाय का. मला आइकू आलं न्हाई, मला वाटलं कापडाचं इचारत्यात. म्या म्हनलं, दोन दिसांनी या, काज-बटन ऱ्हायलंय. सगळा मांडव हसला. भाऊ गेल्याला आनि म्या काज-बटन. तवा म्या तुज्याकडं बघितलं तर तू मान खाली घातलीस. तवाच वळखलं, पोरीला लाज वाटली आपली. त्याच्यानंतर तू आलीच न्हाईस.

राग न्हाई माजा. सुशिक्षित मान्सांत बहिरं मानूस अडचनच हुतं. पन लिवायला तरी लाजू नगंस. बाही कशी झाली ते कळव.

आत्या

—

नागापूर
३० नोव्हेंबर

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते, मधे थांबणार नाही.

ज्योती नावाची कुणी बाई आमच्या कंपनीत नाही. राणीचं काम माझं होतं. अठ्ठेचाळीस छाती माझी, अठरा दंड माझा. दुकानदार माझ्यावर हसला आणि त्याच्याबरोबर हसणारीही मीच. दादा गेल्यानंतर वर्षभरात मला थायरॉईड निघालं. गोळ्या चालू आहेत, पण अंग वाढत गेलं ते गेलंच. आधी वाटलं, उतरलं की सगळ्यांना भेटू. सम्राटच्या लग्नाला नवी साडी घेतली होती, जुन्या ब्लाउजात हात गेला नाही. नवा शिवायला कुणापुढे उभी राहू, म्हणून अंगात ताप आहे असं कळवलं. तुझ्या ऑपरेशनला यायचं होतं, तर तिथे सगळे नातेवाईक असतील, 'अगं ही दीपा?' म्हणतील, म्हणून आले नाही. मोबाईलवर संस्कृतीचा फोटो लावते. तुझी लाज मला कधीच वाटली नाही आत्या. मला माझी लाज वाटते.

पण खरं सांगायचं तर सगळंच सांगते. त्या दिवशी मांडवात मी मान खाली घातली ती लाजेनं नाही. मला हसू आलं होतं. दादांच्या फोटोसमोर मी तोंडाला पदर लावून तुझ्यावर हसत होते, सगळ्यांसारखीच. तुझं पत्र वाचल्यापासून ते मला गिळवत नाही.

सप्टेंबरचं तुझं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी श्रीमंतसरांना सांगितलं की गुडघा दुखतो, निकिताला काम द्या. त्यांनी दिलं. पण अंगरखा शिवायचं थांबवता येईना. कामावरून आल्यावर बसायचे, उसवायचे, पुन्हा घालायचे. कुणासाठी शिवतेय ते स्वतःलाही सांगत नव्हते. बाह्या चुकल्या तेव्हा वाटलं, पुरे झालं पत्रातून, आत्यापुढं जाऊन उभं राहावं, तिला बघू दे मी कशी झाले ते. सतरा तारखेला सुट्टी टाकली, घरी कुणाला न सांगता शेवगावच्या गाडीत बसले.

ती ओढणी बांधलेली बाई मी होते.

मी म्हणाले, "आत्या, मी दीपा." तू माझ्या दंडाकडे बघत होतीस. तू म्हणालीस, एवढ्या मोठ्या मापाचं घेत नाही. मी पुन्हा 'आत्या' म्हणाले की नाही, आठवत नाही. ओढणीही सोडली नाही. पिशवीतल्या बाह्या बाहेर काढल्या असत्या तरी तुला कळलं असतं. पण पाय आपोआप मागे फिरले. परतीच्या गाडीत माझ्याशेजारची सीट रिकामी होती, तरी एक बाई उभी राहिली. जागा पुरणार नाही असं तिला वाटलं असेल.

घरी येऊन अंगरखा कपाटात टाकला. मग तुझं चोवीस तारखेचं पत्र आलं. म्हटलं, मी तोंड लपवत बसले आणि हिला वाटतं, मला हिची लाज वाटते. तरीही मी उत्तर लिहिलं नाही. बाही मात्र उलटी करून जोडली. तू सांगितलं तशी.

दहा नोव्हेंबरला निकिता घरी आली. सरांनी पाठवलं होतं, दीपाताईंनी काहीतरी शिवलंय, बघून ये म्हणून. तिनं ड्रेसवरूनच अंगरखा चढवला. दोन निकिता मावल्या असत्या त्यात.

"ताई, हा कुणाचा हो?"

मी सवयीनं म्हणाले, "ज्योतीचा."

"कोण ज्योती?"

संस्कृती तिथेच अभ्यास करत होती. तिनंही मान वर केली. मी म्हणाले, "माझा आहे."

निकितानं तो काढला, घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "मग तुम्हीच घाला की. मला ती वाक्यं म्हणताना धाप लागते ताई. सर रोज ओरडतात, आवाज कुठं गेला, आवाज कुठं गेला. तुमचा गुडघा खरंच दुखतो का?"

मी नाही म्हणाले. तिनंच दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं.

बावीस तारखेला प्रयोग झाला. आता तुला वाटेल, शेवट गोड झाला असेल. तसं झालं नाही. तिसऱ्या प्रवेशात राणी तलवार उपसते आणि हात वर करून म्हणते, 'दरवाजा उघडा, मी समोर उभी आहे.' मी हात वर केला आणि काखेतून बरगडीपर्यंत अंगरखा फाटला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. आधी एक जण हसला, मग सगळे. शिट्टी पण आली. तू लिहिलं होतंस तशीच.

मी हात खाली घेतला आणि कोपर अंगाला दाबून धरलं. पुढची सगळी वाक्यं तशीच म्हटली, एक हात बांधल्यासारखी. पळून गेले नाही इतकंच. बक्षीस नाही मिळालं. परीक्षक नंतर म्हणाले, राणीचा आवाज चांगला होता, पण हालचाल अवघडलेली होती. श्रीमंतसरांनी मला पाणी आणून दिलं. घरी येताना संस्कृतीनं विचारलं, "आई, शेवटी रडत होतीस ते नाटकातलं होतं ना?" मी हो म्हणाले.

तुला दुखवायला हे लिहिलेलं नाही. तू ज्योतीला हसलीस, मला नाही. पण खोटं मी बोलले आणि तुझ्याकडून स्वतःलाच बोलून घेतलं.

दीपा

—

शेवगाव
९ डिसेंबर

दीपा,

तुजं पत्र वाचून दुकान बंद केलं. दोन दिस उगडलं न्हाई. लोकांनी इचारलं, आजारी हाय का. व्हय म्हनलं.

चाळीस वर्सं म्या मान्साकडं बघते ते खांदा, दंड, कंबर बघते. तोंड नंतर बघते. धंद्याची खोड हाय ती. पन ही काय माफी न्हाई. दादाची पोर माज्या दारात येऊन 'आत्या' म्हनली आनि म्या तिला दिवाळीनंतर या म्हनून घालवली. हे मला मरूस्तवर पुरंल.

आनि दुसरं. ते तुला म्हाईत न्हाई. तुज्या अंगरख्याचं शिवन चुकलं न्हाई. म्या चुकले. हात वर करायचा आसंल त्या कपड्याला काखंत चौकोनी तुकडा घालायचा आसतो, चार-चार बोटांचा. त्यानं हात मोकळा ऱ्हातो, मुंढ्यावर तान येत न्हाई. जाड दंडाला तर पायजेच. हे मला पोटात आसल्यापसनं म्हाईत हाय. तुला चित्र काडताना ते लिवायचं हुतं. पन तवा म्या हत्ती आनि घोडं लिवत बसले. पान चेष्टेनं भरलं आनि कामाचं ऱ्हायलं. तलवार वर करनार हे म्या सोता लिवलंय त्या पत्रात, आनि तुकडा इसरले. लोक तुला हसले ते माज्यामुळं. टाके तुजे पक्के हुते म्हनून तर कापड फाटलं. शिलाई उसवली आसती तर आवाज झाला नसता.

काल मालनबाईकडं गेले. मंग त्या दोघींकडं. तिघींना घरी जाऊन सांगितलं, ती कनगी म्हंजी माजी भाची हाय, रखमाजीची दीपा. म्या तिची मापं तुमाला वाचून दावली आनि हसले. मालनबाई म्हनली, आक्का, आमाला काय ठावं, सोडून दे. म्या म्हनलं, ठावं नसतं तवाच मानूस खरं बोलतं. ती खाली बघून तांदूळ निवडाय लागली. तिची थोरली सून बी अंगानं मोठी हाय, ती आतल्या खोलीतून बाहीर आली न्हाई. तवा मला अजून लाज वाटली. त्या पोरीनं बी कितींदा आइकलं आसंल आमच्या तोंडचं.

तू मांडवात हसलीस त्याचं काय मनात धरू नगं. हसन्यासारकंच हुतं ते. तुजा बाप आसता तर तो सगळ्यात आधी हसला आसता.

अंगरखा टाकू नगं. सुतळीनं, एकटीनं घेतल्यालं पाटीचं माप चुकल्यालं आसनार. आपली पाट आपल्याला मोजता येत न्हाई. मला यावंसं वाटतंय पन तुज्या दारात हुबं ऱ्हायाला तोंड न्हाई. ये म्हनायला बी न्हाई. तरी म्हनते.

आक्काबाई

—

नागापूर
१६ डिसेंबर

ती. आत्यास सविनय जयभीम.

पत्र पोहोचलं. वाचलं. मग ह्यांना आणि संस्कृतीला तुझी सगळी पत्रं वाचायला दिली. आतापर्यंत लपवली होती. ह्यांनी वाचली आणि म्हणाले, "तू शेवगावला गेली होतीस? मला म्हणाली असतीस तर मी आलो असतो." मग बराच वेळ पत्रांची घडीच घालत बसले. संस्कृतीनं टेप आणला आणि म्हणाली, आई, उभी राहा, पाठीचं माप मी घेते. मला नको होतं. उभी राहिले. सुतळीच्या मापापेक्षा दीड इंच जास्त भरलं.

लाज गेली असं म्हणणार नाही. कंपनीत परवा कुणीतरी 'राणी आली' म्हणालं, तेव्हा कान तापले. डबा खाताना मी अजून भिंतीकडे तोंड करून बसते. पण अंगरखा टाकलेला नाही. सर म्हणतात, जानेवारीत कंपनीच्या कार्यक्रमात पुन्हा करू. मी अजून हो म्हटलेलं नाही. काखेतला तुकडा कसा बसवतात ते चित्रावरून मला कळणार नाही, ते तू हाताला धरून दाखव.

रविवारी, एकवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं येते. संस्कृती बरोबर आहे. तोंडाला काही बांधणार नाही. दुकानात मालनबाई असल्या, आणखी कुणी असलं, तरी असू दे. तू मला ओळखलं नाहीस, तर यावेळी निघून जाणार नाही. दारातून ओरडून सांगेन, आत्या, मी दीपा. तुला ऐकू जाईपर्यंत ओरडेन. मग बाजारात आणखी कुणाला ऐकू जायचं ते जाऊ दे.

तुझी,
दीपा